महाराजांची शाळा

पुणे जिल्ह्याच्या दक्षिणेस सह्याद्रीच्या कुशीत भोर आणि वेल्हे हा डोंगराळ मुलूख पसरला आहे. तोरणा आणि राजगड हे इतिहासप्रसिद्ध किल्ले याच मुलखात उभे आहेत. नीरा आणि गुंजवणी या नद्यांच्या खोऱ्यांतून निघालेल्या कित्येक मावळ्यांनी पुढे दूरदूरच्या प्रांतांत पराक्रम गाजवला. बडोद्याच्या गायकवाड घराण्याचे मूळही परंपरेने मावळातच सांगितले जाते. त्या घराण्याचा नंदाजी नावाचा एक पूर्वज भोरच्या किल्ल्याचा किल्लेदार होता. एके दिवशी जिवाच्या भीतीने पळत आलेला गाईंचा कळप किल्ल्याच्या दाराशी आला, तेव्हा नंदाजीने कवाड उघडून गाईंना आत घेतले. गाईंसाठी कवाड उघडणारा म्हणून त्याला गायकवाड हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणजे इतिहास नव्हे. परंतु याच घराण्यातील एका पुरुषाने पुढे लक्षावधी मुलांसाठी शाळेचे दार उघडले, हा मात्र इतिहास आहे. त्या पुरुषाचे नाव सयाजीराव गायकवाड. विशेष हे की, त्यांना स्वतःला त्या दारातून आत शिरताना फार सायास पडले.

सयाजीरावांचा जन्म मार्च १८६३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात झाला. त्यांचे पाळण्यातील नाव गोपाळराव. वडील काशीराव आणि आई उमाबाई. बडोद्याचे राज्य स्थापन करणाऱ्या पिलाजीराव गायकवाडांचे रक्त या घराण्यात होते खरे, पण त्याला अनेक पिढ्या लोटल्या होत्या आणि कवळाण्याचे हे गायकवाड शेती करून राहत होते. गोपाळचे बालपण खेड्यातील इतर मुलांसारखेच गेले. शेत, गुरे, मोकळे रान आणि सवंगडी यांत त्याचे दिवस जात. लिहिण्यावाचण्याचा त्याला जवळजवळ स्पर्शही झाला नव्हता, आणि त्यात कोणाला काही उणे वाटत नसे. नांगर धरणाऱ्या मुलाला अक्षरांची काय गरज, असाच त्या काळचा समज होता.

१८७५ साली या मुलाचे नशीब एकाएकी पालटले. बडोद्याचे महाराज मल्हारराव यांना इंग्रज सरकारने त्या वर्षी एप्रिल महिन्यात पदच्युत केले आणि गादी रिकामी झाली. मल्हाररावांच्या आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा पत्नी महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची अनुज्ञा मिळाली. घराण्यातील मुलांचा शोध सुरू झाला. काशीराव आपल्या मुलांना घेऊन बडोद्यास आले. जमनाबाईंनी मुलांना जवळून न्याहाळले आणि बारा वर्षांच्या गोपाळची निवड केली. २७ मे १८७५ रोजी दत्तविधान झाले. गोपाळचा सयाजीराव झाला. पुढच्याच महिन्यात तो गादीवर बसला.

गादी मिळाली, पण राज्य चालवण्याची पात्रता गादीबरोबर येत नाही. बडोदे राज्याची लोकसंख्या त्या वेळी सुमारे २० लाख होती. राज्याचा मुलूख सलग नव्हता. गुजरात आणि काठेवाड यांत तो तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला होता. जमाखर्च, सारा, न्याय, इंग्रज सरकारशी झालेले करारमदार यांचे ढीगभर कागद रोज तयार होत. ज्या राजाला कागद वाचता येत नाही, तो दुसरा कोणी पुढे ठेवील त्या कागदावर शिक्का उमटवतो. मग नाव राजाचे आणि राज्य कारभाऱ्यांचे, असा प्रकार होतो. हिंदुस्थानातील कित्येक संस्थानांत तसे घडलेही होते. तेव्हा बाराव्या वर्षी अक्षरओळख नसलेला हा मुलगा वाचायला शिकणार की नाही, यावर २० लाख माणसांचे बरेवाईट अवलंबून होते. सज्ञान होईपर्यंत कारभार दिवाण राजा सर टी. माधवराव यांच्या हाती सोपवण्यात आला. मुलापाशी वेळ होता तो सहा वर्षांचा.

महाराजांसाठी स्वतंत्र शाळा काढण्यात आली. एकट्याने शिकण्यात मुलाचे मन रमणार नाही हे ओळखून त्याचे भाऊ आणि काही मानकऱ्यांची मुले यांना सहाध्यायी म्हणून घेतले होते. डिसेंबर १८७५ पासून एफ. ए. एच. एलियट हे इंग्रज गृहस्थ मुख्य शिक्षक म्हणून काम पाहू लागले. सकाळी व्यायाम, घोड्यावरची रपेट आणि कुस्ती. त्यानंतर दिवसभर अभ्यास, असा क्रम असे. आखाड्यात आणि घोड्यावर हा मुलगा कोणालाही हार जात नसे. वर्गात मात्र तो मागे पडे. आरंभीच्या काळात मुलगा मंद आहे असे खुद्द एलियट यांचेही मत झाले होते.

मुलगा खरोखर मंद होता काय? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी त्याच्या पुढ्यात काय काय मांडून ठेवले होते ते पाहिले पाहिजे. त्याला एकाच वेळी चार भाषा शिकायच्या होत्या. मराठी ही घरची भाषा. गुजराती ही प्रजेची भाषा. उर्दू ही जुन्या दरबारी रिवाजाची भाषा. इंग्रजी ही इंग्रज सरकारशी व्यवहार करण्याची भाषा. भाषा चार आणि लिप्याही चार. मराठीच्या अक्षरांना डोक्यावर रेघ. गुजरातीची पुष्कळशी अक्षरे तशाच वळणाची, पण ती रेघ नाही. उर्दू लिहायची ती उजवीकडून डावीकडे, आणि तीत एकच अक्षर शब्दाच्या आरंभी, मध्ये आणि शेवटी निरनिराळे रूप घेते. इंग्रजी डावीकडून उजवीकडे, पण लिहायचे एक आणि उच्चारायचे दुसरेच. सहा वर्षांचे मूल एक लिपी शिकताना वर्ष वर्ष घेते आणि त्याबद्दल त्याला कोणी नावे ठेवीत नाही. येथे बारा वर्षांचा मुलगा, ज्याच्या बोटांनी कधी बोरू धरला नव्हता, त्याच्यापुढे चार लिप्या एकदम उभ्या केल्या होत्या. तो गोंधळला नसता तरच नवल!

शिक्षणाचा इतिहास पाहिला तर असे दिसते की, मंद हा शब्द फार सहज वापरला गेला आहे. एखादे मूल अडखळले की तो शब्द त्याला चिकटवला जाई; ते का अडखळते, हे कोणी पाहत नसे. कोणी उशिरा आरंभ केल्यामुळे अडखळतो, कोणी ऐकू कमी येते म्हणून, कोणी शाळेची भाषा घरच्या भाषेहून निराळी असल्यामुळे. आणि काही मुले अशी असतात की, त्यांची बुद्धी उत्तम, डोळे उत्तम, कान उत्तम. तरीही अक्षर आणि त्याचा ध्वनी यांची सांगड त्यांच्या मनात पटकन बसत नाही. अशा मुलाला घ आणि ध, भ आणि म, थ आणि य ही अक्षरे पुन्हा पुन्हा फसवतात. काल वाचलेला शब्द आज नवा वाटतो. तोंडी विचारावे तर हेच मूल चटकन उत्तर देते.

या अडचणीला आज डिस्लेक्सिया असे म्हणतात. हा शब्द रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रवैद्याने १८८७ साली वापरात आणला, पण तो मेंदूच्या विकारामुळे वाचनशक्ती गमावलेल्या प्रौढ माणसांसंबंधी. मुलांमध्ये ही अडचण जन्मतःच असू शकते, हे १८९६ साली इंग्लंडातील प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी दाखवून दिले. त्यांच्याकडे आलेला मुलगा चौदा वर्षांचा होता. गणितात तो हुशार होता, पण साधे शब्द त्याला वाचता येत नसत. आपल्या देशात २०१६ साली झालेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात या आणि अशा प्रकारच्या अध्ययन अक्षमतांचा समावेश झाला आहे. अशा मुलांना महाराष्ट्रात परीक्षेच्या वेळी जास्तीचा वेळ आणि इतर सवलती मिळतात.

सयाजीरावांना ही अडचण होती असे म्हणण्यास काही आधार नाही. त्यांच्या मागे पडण्याचे कारण उशिरा झालेला आरंभ आणि चार लिप्यांचा भार हेच दिसते. परंतु वर्गात बसलेल्या, सर्व काही समजत असूनही अक्षरापाशी थांबणाऱ्या मुलाची जी अवस्था होते, ती त्यांनी अनुभवली, यात शंका नाही.

येथे आपल्याकडील जुन्या धूळपाटीची आठवण होते. पाटीवर धूळ पसरून मूल बोटाने अक्षर गिरवी आणि गिरवताना ते मोठ्याने उच्चारी. भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत काय किंवा कवळाण्यास काय, जेथे पंतोजींची शाळा असे तेथे धुळाक्षरांनीच विद्येचा आरंभ होई. डोळा अक्षर पाही, कान त्याचा ध्वनी ऐके आणि बोट त्याचे वळण ओळखी. १९३० च्या सुमारास अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन हे डॉक्टर आणि ॲना गिलिंगहॅम या शिक्षिका यांनी वाचनात अडणाऱ्या मुलांसाठी जी पद्धत बसवली, तिच्यातही डोळा, कान आणि हात यांचा एकत्र उपयोग केलेला आहे. त्या पद्धतीने शिकवणारे शिक्षक आजही तबकात वाळू पसरून मुलांकडून अक्षरे गिरवून घेतात. जुन्या पंतोजींची छडी गेली हे चांगलेच झाले. धूळपाटीही तिच्याबरोबर गेली, हे मात्र तितकेसे चांगले झाले नाही.

एलियट यांचा मोठा गुण असा की, त्यांनी आपले पहिले मत धरून ठेवले नाही. मुलाची गती मंद असली तरी त्याची चिकाटी विलक्षण आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. समजले नाही तर तो समजल्याचा आव आणीत नसे. पुन्हा त्याच ठिकाणी येई. एलियट यांनी त्याला हळूहळू पुढे नेले. गुरुशिष्यांचा हा स्नेह पुढेही टिकला. सयाजीरावांच्या हाती राज्य आल्यावर एलियट बडोद्याच्या नोकरीत राहिले आणि जमीनमोजणी व साराआकारणी यांचे अवघड काम त्यांनी केले.

१८८१ साली, म्हणजे शाळेच्या अखेरच्या वर्षी, एक नवी रीत सुरू झाली. दिवाण माधवराव आणि इतर अनुभवी अधिकारी महाराजांना राज्यकारभाराविषयी तोंडी व्याख्याने देऊ लागले. राजाने वेळ कसा वापरावा, न्यायात हात कधी घालू नये, प्रजेचा पैसा कोणता आणि राजाचा कोणता, असे त्यांचे विषय असत. माधवरावांची ही व्याख्याने पुढे मायनर हिंट्स या नावाने छापली गेली. पुस्तकात जे सहजी उमगत नव्हते ते जाणत्या माणसाच्या तोंडून ऐकताना या विद्यार्थ्याच्या मनात चांगले ठसे. २८ डिसेंबर १८८१ रोजी त्यांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते.

येथे शाळा संपली, पण महाराजांचे शिक्षण संपले नाही. आपला अभ्यास अपुरा राहिला याची जाणीव त्यांना होती. राज्याचा भार सांभाळून त्यांनी वाचन चालू ठेवले. इतिहास, कायदा, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान असे अनेक विषय त्यांनी हाताळले. पुढे परदेशांत प्रवास करताना तेथील शाळा, ग्रंथालये आणि कारखाने ते बारकाईने पाहत. छप्पनच्या भयंकर दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० साली, त्यांनी राज्यात फिरून जे पाहिले ते स्वतः लिहून काढले, आणि ते लेखन १९०१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. वयाच्या बाराव्या वर्षी ज्याला आपले नाव लिहिणे कठीण होते, त्याने हे लिहिले.

सयाजीरावांनी राज्यात अनेक सुधारणा केल्या. त्या सर्वांची यादी येथे देण्याचे कारण नाही. परंतु एक गोष्ट विस्ताराने सांगितली पाहिजे. १८९३ साली त्यांनी काठेवाडातील अमरेली तालुक्यात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण प्रयोगादाखल सुरू केले. मुलगे आणि मुली, दोघांसाठीही. प्रारंभी थोडीच गावे निवडली होती. लोकांना ही सक्ती रुचली नाही. शेतात राखणीला कोण बसणार, धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार, असे प्रश्न घरोघरी निघाले. मुलींना शाळेत पाठवण्यास तर अनेकांचा विरोध होता. शिक्षकही पुरेसे मिळत नव्हते. महाराजांनी घाई केली नाही आणि माघारही घेतली नाही. तेरा वर्षे प्रयोगाचा अनुभव घेऊन १९०६ साली त्यांनी सर्व राज्यासाठी सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला. त्या वेळी इंग्रजांच्या थेट अमलाखालील हिंदुस्थानात असा कायदा कोठेच नव्हता. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचा अनुभव त्यांच्यापुढे होता. ते विधेयक पुढच्या वर्षी नामंजूर झाले. जे बडोद्याच्या महाराजांना साधले, ते करण्यास बलाढ्य इंग्रज सरकार धजले नाही.

सर्वांनी एकाच वाटेने शिकावे असा मात्र सयाजीरावांचा आग्रह नव्हता. १८९० साली बडोद्यास कलाभवन ही संस्था निघाली. तेथे चित्रकला, रंगकाम, यंत्रकाम असे हाताने करून शिकण्याचे विषय शिकवीत. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके या कलाभवनाचे विद्यार्थी होते. ज्यांना समाजाने शाळेच्या बाहेर ठेवले होते, त्या अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठीही महाराजांनी शाळा काढल्या. १९१३ साली भीमराव आंबेडकर हे तरुण पदवीधर अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर.

शाळेत अक्षरे शिकलेले मूल घरी गेल्यावर वाचणार काय, हा पुढचा प्रश्न होता. खेड्यात पुस्तक नसेल तर चार वर्षांत अक्षरे पुसली जातात. १९१० साली महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून आणले आणि राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणण्याचे काम त्याच्याकडे दिले. बडोद्यास मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, आणि महाराजांनी आपल्या राजवाड्यातील सुमारे २०,००० ग्रंथ त्याला देऊन टाकले. गावोगावी वाचनालये निघाली. जेथे वाचनालय नव्हते तेथे लाकडी पेट्यांतून पुस्तके पाठवीत. एका गावची पुस्तके वाचून झाली की पेटी परत येई आणि दुसरीकडे जाई.

या ग्रंथालय खात्याची एक शाखा फार मौजेची होती. ज्यांना वाचता येत नाही, त्यांनी काय करावे? अशा लोकांसाठी या शाखेची माणसे जादूचा कंदील आणि चलच्चित्रांचे यंत्र घेऊन खेड्यांत जात आणि पडद्यावर चित्रे दाखवून देशोदेशींची माहिती देत. कोणास वाचता येत नाही म्हणून त्याला ज्ञान नाकारावे, हे बडोद्याच्या या खात्याला मान्य नव्हते. ग्रंथालयाच्या कामात निरक्षरांचा विचार करणारे राज्यकर्ते थोडेच असतील. सयाजीराव स्वतः बाराव्या वर्षापर्यंत निरक्षर होते.

१९३२ साली कोल्हापूर येथे मराठी साहित्य संमेलन भरले. मोठमोठे लेखक, कवी आणि पंडित त्या वेळी उपस्थित होते. त्या संमेलनाच्या अध्यक्षपदी सयाजीराव महाराजांची निवड झाली होती. कवळाण्याहून निघालेल्या, चार लिप्यांत गोंधळून गेलेल्या त्या मुलाने आता वयाची सत्तरी गाठत आणली होती.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी ६३ वर्षे राज्य केले. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात आजही वाचक येतात. तेथील ग्रंथांत राजवाड्यातून आलेल्या त्या २०,००० ग्रंथांचाही वारसा आहे.